बसतं, पण बसवावं लागतं : साध्या कम्फर्ट सायकलच्या जोडसामानाचा आढावा

सायकलच्या दुकानाबाहेरच्या बाकड्यावर थोडा वेळ बसलं, की गिऱ्हाइकांचे दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. नवी सायकल घ्यायला आलेला विचारतो, "केवढ्याला?" तीच सायकल घेऊन महिनाभराने परत आलेला विचारतो, "याला कॅरिअर बसतं का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्यावर मिस्त्री सायकलीभोवती एक चक्कर मारतो, मागच्या चाकाजवळ वाकून बघतो आणि वऱ्हाडी ठेक्यात सांगतो, "बसते, पण बसवा लागते." या लेखात पाहायचं आहे ते या 'पण'मागे काय काय दडलं आहे ते.

कम्फर्ट सायकल म्हणजे पाठ ताठ ठेवून चालवायची सायकल. हँडल उंच आणि स्वाराकडे वळलेलं, सीट रुंद, टायर जाडसर, दांडी बहुतेक वेळा खाली उतरलेली. स्वस्तातल्या सायकलीला एकच गिअर असतो किंवा मागे सहा-सात चकत्या असतात. कंपन्या तिला सिटी, हायब्रिड, लेडीज अशा निरनिराळ्या नावांनी विकतात. वाशीम शहरात पहाटे एकबुर्जी धरणाच्या रस्त्याला लागणारे निवृत्त गुरुजी, गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सायकल सांगितलेल्या बाया आणि शिकवणीला जाणाऱ्या मुली हिच्यावर दिसतात. चालवायला ती छानच. अडचण सुरू होते ती तिच्यावर काहीतरी ठेवायचं म्हटलं की.

काळ्या सायकलीचा एकच साचा

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात सायकलीचे जे कारखाने उभे राहिले, त्यांची नावं जुन्या लोकांना आजही पाठ आहेत : १९४९ ची मद्रासची टीआय सायकल्स, १९५१ ची सोनीपतची ॲटलस, १९५६ ची लुधियान्याची हिरो, आणि आसनसोलची सेन-रॅले. नावं वेगवेगळी, सायकल मात्र जवळजवळ एकच. इंग्लंडमधल्या रोडस्टरच्या घडणीची, काळी, लोखंडी, २८ × १½ चाकांची, सळईच्या ब्रेकची आणि कॉटर पिनच्या क्रँकची.

साचा एक असल्यामुळे सामानही एक. लुधियान्याच्या कुठल्याशा छोट्या कारखान्यातलं मडगार्ड, डबल स्टँड किंवा कॅरिअर रिसोडला घ्या नाहीतर कारंज्याला, ते बसायचंच. कॅरिअरचे पाय मागच्या एक्सलच्या नटाखाली दाबले जात आणि वरची पट्टी सीटच्या बोल्टला अडके. सायकल दुकानात सुटी येई. मिस्त्री ती 'कसून' देई आणि घंटी, कुलूप, डायनामो, सीट कव्हर गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे चढत जाई. दुकानदाराची खरी कमाई या चढत्या सामानातच असे.

या काळाने एक घोळ मात्र मागे ठेवला. बावीस इंची, चोवीस इंची असं तेव्हा म्हणायचे ते फ्रेमच्या उंचीला. चाक दोन्हींचं अठ्ठावीसच. आजच्या सायकलीवर लिहिलेले २६ इंच हे चाकाचे असतात. त्यामुळे आजोबा "बावीसची घे, पाय पुरतील" म्हणतात आणि नात "सव्वीसची घेतली" म्हणते, तेव्हा दोघं वेगळ्याच गोष्टी मोजत असतात. यातून चुकीची ट्यूब घरी आल्याचं मी एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे.

त्या पिढीतल्या ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी थांबला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता.

तीन घराण्यांची सोयरीक

१९९० च्या दशकात अमेरिकेत डोंगरी सायकलीच्या सांगाड्यावर उंच हँडल आणि रुंद सीट चढवून कम्फर्ट बाईक हा प्रकार रुळला. दणकट टायर हवेत, पण पुढे ओणवून बसायचं नाही, अशा गिऱ्हाइकासाठी. आपल्याकडे ती आली तेव्हा तिच्यात तीन घराण्यांचं रक्त होतं. चाकं आणि स्प्रिंगचा चिमटा (पुढचा फोर्क) डोंगरी सायकलीचा, काही ठिकाणी पातळ ७००सी चाक रस्त्यावरच्या सायकलीचं, आणि स्वस्तातल्या सायकलीत एक्सलचे नट, फ्रीव्हील, साधी चेन अजूनही जुन्या रोडस्टरची.

यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. क्रँकचा कणा बसतो त्या नळीचे आटे ज्या मापाचे असतात, १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे, ते माप बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीच्या नावाने जगभर ओळखलं जातं, आणि तेच नाव आपल्याकडे मुलांच्या सायकलींवरही होतं. म्हणजे सायकलीच्या पोटात जुना साचा अजून शाबूत आहे. पोटाबाहेर, जिथे सामान लटकवायचं असतं तिथे तो राहिला नाही. स्वस्त सायकल बनवताना कंपनी पहिली काटछाट करते ती फ्रेमवरच्या भोकांत आणि कानांत. ती नसली तर दुकानात उभ्या असलेल्या सायकलीकडे पाहून कोणाच्या लक्षात येत नाही.

टायरवरचा तीन आकडी अंक

जोडसामानाची सगळी चर्चा अखेर मापांवर येते, आणि मापांत सर्वांत फसवं माप टायरचं. '२६ इंची' या एकाच नावाखाली निदान तीन वेगळे रिम बाजारात आहेत. २६ × १.७५ चा रिम ५५९ मिलिमीटरचा, २६ × १½ चा ५८४ चा, आणि २६ × १⅜ चा ५९० चा. अपूर्णांकात लिहिलेलं आणि दशांशात लिहिलेलं माप कागदावर सारखं वाटलं, तरी एकाचं टायर दुसऱ्यावर चढत नाही. उलट नाव वेगळं आणि माप एक, असंही होतं. २७.५ इंची म्हणून मिरवणारं चाक ५८४ चंच असतं, तर ७००सी आणि २९ इंची ही दोन्ही ६२२ ची. जुन्या काळ्या सायकलीचं २८ × १½ मात्र ६३५ चं. ते ७००सी वर बसेल म्हणून कोणी सांगितलं, तर मानू नये.

यावर तोडगा आहे आणि तो फुकट आहे. आयएसओ ५७७५ या मानकानुसार टायरच्या कडेला '४७-५५९' असा जोड-अंक उमटवलेला असतो. पहिला भाग रुंदी, दुसरा रिमचा व्यास. दुकानात तेवढा सांगितला की प्रश्न मिटतो. अडचण एवढीच, की तो अंक काळ्यावर काळा असतो आणि वाशीमच्या चिखलात वर्षभराने बोटाने चाचपूनच वाचावा लागतो.

मडगार्ड, स्टँड आणि बाटलीचा डायनामो हे तिन्ही याच अंकाला बांधलेले. २६ च्या नावाने मागवलेला साइड स्टँड ७००सी च्या सायकलीला आखूड पडतो आणि सायकल एका अंगावर झोपते.

हवेच्या नळीचाही असाच प्रकार. जुन्या ट्यूबला वुड्स व्हॉल्व, आत रबराची बारीक नळी. नव्या सायकलीला बऱ्याचदा मोटरसायकलसारखा श्रेडर व्हॉल्व. पेट्रोल पंपावर हवा भरता येते हा त्याचा मोठा फायदा, पण घरातला जुना हातपंप त्याला लागत नाही. दोन्हींना रिमचं भोक एकाच मापाचं चालत असल्यामुळे अदलाबदल होऊ शकते, आणि खेड्यातले मिस्त्री ती करतातही.

कॅरिअर

वाशीम जिल्ह्यात कॅरिअरशिवाय सायकल म्हणजे अर्धी सायकल. शाळेचं दप्तर, जेवणाचा डबा, दुधाची कॅन, वावरातून आणलेली मेथी किंवा भेंडीची थैली, सगळं मागेच. आणि डबलसीट. काळ्या सायकलीच्या कॅरिअरवर धाकटी बहीण बसायची हे आपण इतकं गृहीत धरलं आहे, की कॅरिअर म्हणजे माणूस बसायची जागा असाच आपला समज आहे.

आजच्या कॅरिअरवर मात्र वजनमर्यादा लिहिलेली असते. आयएसओ ११२४३ या मानकाप्रमाणे ती कॅरिअरवर नोंदवायची असते आणि चांगल्या कॅरिअरवर २५ किलो हा आकडा नेहमी दिसतो. सातवीतली मुलगीही त्याहून जड असते.

कॅरिअर बसवायचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला, फ्रेमच्या मागच्या टोकाला एक्सलच्या वर ५ मिलिमीटर स्क्रूसाठी आटे पाडलेली भोकं असतील तर त्यांत. हा सर्वांत पक्का. दुसरा, जुन्या पद्धतीने एक्सलच्या नटाखाली. चाकाला झटकन सुटणारी क्विक रिलीज दांडी असेल तर हा मार्ग बंद. तिसरा, फक्त सीटच्या नळीला क्लॅम्प लावून मागे लोंबतं सोडलेलं कॅरिअर. जाहिरातीत 'युनिव्हर्सल' म्हणून बहुधा हेच दाखवतात. याची मर्यादा साधारण दहा किलोच्या घरात असते, आणि त्याला नळी सीटखाली निदान चार बोटं उघडी हवी असते.

कम्फर्ट सायकलवर तिसरा प्रकार इथेच फसतो. बसल्या बसल्या पाय जमिनीला टेकावेत म्हणून तिची सीट खाली ठेवलेली असते. नळी उघडी राहतच नाही. ज्यांच्या सीटखाली स्प्रिंगची नळी आहे, त्यांनी क्लॅम्प वरच्या सरकत्या भागाला लावला, तर खड्ड्यात गेल्यावर सामान सीटसोबत वरखाली होतं. म्हणजे जो गुण पाहून सायकल घेतली, तोच सामानाच्या आड येतो.

डिस्क ब्रेक हा आणखी एक. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला कॅलिपर जिथे असतो, नेमका तिथूनच कॅरिअरचा डावा पाय खाली उतरतो. मी स्वतः एकदा फोटो पाहून कॅरिअर मागवलं होतं. उजवा पाय सुरेख बसला, डावा कॅलिपरवर येऊन थांबला. परत पाठवण्याच्या खटपटीत कोण पडतो? ते आता गच्चीवर आहे, कुंड्या ठेवायला.

पुढची बास्केट तुलनेने सोपी. साधा लोखंडी चिमटा असेल तर तिचे पाय एक्सलला जाऊ शकतात. चिमटा स्प्रिंगचा असेल तर तिला फक्त हँडलवरच टांगावं लागतं, नाहीतर स्प्रिंग दबली की पाय वाकतात. हँडलची पकड २२.२ मिलिमीटरची आणि मधला भाग २५.४ किंवा ३१.८ चा असतो. क्लॅम्प यांपैकी कशासाठी आहे एवढं पाहिलं म्हणजे पुरे. घंटी कशालाही बसते.

चिखल, सराटे आणि अंधार

मडगार्डाच्या बाबतीत शहरातल्या सल्ल्याचा इथे उपयोग नाही. पुण्यात मडगार्ड टायरला जेवढं चिकटून तेवढं चांगलं, कारण पाणी उडत नाही. वाशीमची काळी माती जुलैत ओली झाली की टायरला थरावर थर चढतात आणि मडगार्डाखालची फट भरून चाक जागच्या जागी अडतं. मग काडीने चिखल खरवडत बसायचं. म्हणून पांदण रस्त्याने जाणाऱ्याला टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर तरी जागा लागते, आणि जाड टायर घातलेल्या कम्फर्ट सायकलीत ती मुळातच कमी. काही जण पावसाळ्यात मडगार्ड काढूनच ठेवतात आणि पाठीवर चिखलाची रेघ घेऊन फिरतात. सीटखाली अडकवायचं आखूड प्लास्टिकचं मडगार्ड हा मधला मार्ग. पण एप्रिल-मेच्या उन्हात स्वस्त प्लास्टिक लवकर तडकतं.

पंक्चर हा जोडसामानाचा विषय वाटत नाही, पण आपल्याकडे आहे. बाभळीचा काटा आणि सराटा हे दोघं आपल्याला पिडतातच, पण सराट्याने अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या सायकलवाल्यांनाही पिडलं आहे. सराटा आपल्याच जगातून तिकडे गेला. आयडाहो राज्यातल्या बॉयसी शहरात सायकलस्वार मोहिमा काढून तो उपटतात. आपल्याकडे मिस्त्री टायरच्या आत जुन्या टायरचं गेटर टाकतात, तिकडे त्याच कामासाठी तयार पट्टी विकत मिळते. याशिवाय जाड ट्यूब आणि ट्यूबमध्ये भरायचा चिकट द्रव हे पर्याय आहेत. भरीव रबराचं टायर पंक्चर होत नाही हे खरं, पण ते दगडासारखं बसतं. आरामासाठी घेतलेल्या सायकलीवर ते चढवणं मला पटत नाही.

दिव्याबाबत वाद जुना झाला आहे. ६ व्होल्ट, ३ वॅटचा बाटलीचा डायनामो गुळगुळीत टायरवर चालायचा. खडबडीत टायरवर तो घसरतो आणि रबर खातो, शिवाय स्प्रिंगच्या चिमट्यावर त्याची पट्टी बसवायला जागा नसते. त्यामुळे चार्जिंगचा एलईडी दिवा बहुतेकांनी स्वीकारला आहे. वीज गेलेल्या रात्री तो चार्ज नसला, की डायनामोची आठवण येते. रिफ्लेक्टरसाठी मात्र केंद्र सरकारने २०२० साली गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. तरीही नव्या सायकलीसोबत आलेले रिफ्लेक्टर बास्केट किंवा कॅरिअर बसवताना मिस्त्री काढून बाजूला ठेवतो. ते परत लावून घ्यायचं आपण विसरतो.

सीट

कम्फर्ट सायकलीचा सगळा दावा सीटवर आहे, आणि तक्रारीही तिच्याबद्दलच जास्त. यात जाणकारांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, ताठ बसल्यावर सगळा भार मागे येतो, म्हणून सीट रुंद आणि स्प्रिंगची हवी. दुसरा म्हणतो, फार मऊ सीटमध्ये बैठकीची हाडं रुततात, मांड्या घासतात आणि अर्ध्या तासाने त्रास वाढतो. दोघांचंही बरोबर आहे असं मला वाटतं. फरक अंतराचा आहे. बाजारापर्यंत जाणाऱ्याला पहिली सीट बरी, रोज पंधरा किलोमीटर जाणाऱ्याला दुसरी.

बदलायची झाली तर सीटखालच्या दोन सळया ७ मिलिमीटरच्या असणं हे आता सर्वत्र रूढ आहे, त्यामुळे सीट सहसा अडत नाही. अडते ती नळी. २५.४, २७.२, २८.६, ३१.६ अशी तिची अनेक मापं आहेत आणि शून्य दशांश दोन मिलिमीटरच्या फरकानेही ती एकतर शिरत नाही किंवा खाली सरकते. माप नळीच्या तळाशी कोरलेलं असतं. बाहेर काढून वाचायचं.

चार मतं

हे सगळं ध्यानात घेतलं तर आज या प्रश्नावर चार भूमिका दिसतात.

पहिली म्हणते, सामान शोधत बसूच नका. कॅरिअर, मडगार्ड, स्टँड, चेनकव्हर लावूनच आलेली सायकल घ्या. मुलींच्या शाळेच्या सायकलीबाबत या म्हणण्याला वजन आहे. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी ५००० रुपये मिळतात. पूर्वी ते ३५०० होते. एवढ्यात सायकल बसवताना वरचं सामान वेगळं घ्यायला काही उरत नाही. याची उलट बाजू अशी, की असं लावून आलेलं सामान बऱ्याचदा हलकं असतं आणि ते मोडल्यावर तसंच दुसरं मिळत नाही.

दुसरी भूमिका त्याच कंपनीचं सामान घेण्याची. बसतं अचूक. पण ते मिळतं त्या कंपनीच्या शहरातल्या दुकानात, आणि वाशीमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर. पन्नास रुपयांच्या पट्टीसाठी एसटीचं जाणं-येणं परवडत नाही. मॉडेल बदललं की जुन्याचं सामानही बंद होतं.

तिसरी, क्लॅम्पवालं युनिव्हर्सल सामान. तरुणांना हे आवडतं, कारण काढता-घालता येतं आणि घरपोच मिळतं. मिस्त्रींचा त्यावर आक्षेप असा, की क्लॅम्प रस्त्याच्या हादऱ्याने ढिला पडतो आणि ॲल्युमिनियमच्या नळीवर जास्त आवळला तर नळी चेपते. साइड स्टँडच्या बाबतीत हा आक्षेप खरा आहे.

चौथी मिस्त्रीची स्वतःची. लोखंडी पट्टी कापायची, भोक पाडायचं, वाकवायची, लागलं तर वेल्डिंगवाल्याकडून कान जोडून घ्यायचा. कमी पैशात, डोळ्यांसमोर आणि नेमक्या सायकलीच्या मापाने. लोखंडी फ्रेमवर हे नीट केलं तर वर्षानुवर्षं टिकतं. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर साधं आर्क वेल्डिंग चालत नाही, आणि कुठल्याही फ्रेमला डाग दिला की कंपनीची वॉरंटी संपते.

माझा कल सांगायचा तर लोखंडी फ्रेम आणि चौथा मार्ग. पण शहरात फक्त पहाटे फिरणाऱ्याला तिसरा पुरेसा आहे, हेही खरं.

अजून न सुटलेलं

सायकलीच्या सुरक्षिततेसाठी आयएस १०६१३ हे भारतीय मानक आहे. पण स्वस्त सायकलीच्या फ्रेमवर कॅरिअरसाठी भोकं असलीच पाहिजेत, असं बंधन बाजारात जाणवत नाही. कॅरिअरने किती पेलायचं हे लिहिलेलं असतं, फ्रेमने किती पेलायचं हे स्वस्त सायकलीवर क्वचितच. मिस्त्रीने जोडलेल्या कानाची ताकद मोजायची कशी, हा प्रश्न कोणी हातीच घेतलेला नाही. खाली उतरलेल्या दांडीच्या फ्रेमवर पाण्याची बाटली अडकवायची सोय नसते, आणि मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला गेला की ती गैरसोय नुसती गैरसोय राहत नाही. लहान मुलासाठी पुढे बसवायची सीट या सायकलींना कुठे जोडावी, यावरही एकमत नाही.

एक गोष्ट अलीकडे सोपी झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिचे सुटे भाग यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तेव्हा येत्या जूनमध्ये शाळेसाठी सायकल घ्यायला गेलात, तर रंग पाहण्याआधी मागच्या एक्सलच्या वर आट्यांचं भोक आहे का ते बोट घालून बघा. टायरच्या कडेचा तीन आकडी अंक आणि सीटच्या नळीचं माप दुकानदाराकडून बिलाच्या मागे लिहून घ्या. बिल जपून ठेवा.